झोन टू : स्वयंपाकघर

नारायण पेठेतल्या अनंत दाबक्यांच्या घरात संध्याकाळी मिक्सर लागत नाही. दाबके विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण खरा अधिकार त्यांनी गाजवला तो हॉलमधल्या एका खुर्चीवरून. रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून ते शास्त्रीय गाणं ऐकतात. त्याला ते बैठक म्हणतात. बैठक सुरू झाली की घरात दुसरा आवाज चालत नाही, आणि हा नियम लग्न झाल्या दिवसापासूनचा आहे.

पद्मजाबाई त्यांच्या पत्नी. ही गोष्ट पद्मजाबाईंची आहे. पण अनंतरावांना बाजूला सारून पद्मजाबाईंची कुठलीच गोष्ट सांगता येत नाही, त्याला मी तरी काय करू.

नव्या नवरीने एकदा ऐन बैठकीत वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली. अनंतराव उठून आत आले, त्यांनी गॅस बंद केला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तिकडे तो माणूस जीव ओतून कोमल रिषभ लावतोय आणि इकडे तुझी मोहरी. दोघांपैकी कोणाला घराबाहेर काढू, ते सांग." पद्मजाबाईंनी तेव्हापासून फोडणी दुपारीच करून ठेवायला सुरुवात केली. कुकरच्या शिट्टीवर त्या डोळा ठेवून उभ्या राहायच्या. वाफेने शिट्टी डुलायला लागली की ती वाजायच्या आत गॅस बारीक. भांडी घासताना सिंकमध्ये जुना टॉवेल अंथरायचा, ताटं उभी न लावता एकावर एक अलगद ठेवायची. येणारे-जाणारे म्हणायचे, दाबक्यांकडे काय शांतता असते हो, देवळात गेल्यासारखं वाटतं. पद्मजाबाई त्यांना चहा द्यायच्या. कपात चमचा फिरवायचा तोही कडेला न लागता.

या बाईला स्वतःला आवडायची ती लावणी. यात हसण्यासारखं काही नाही. त्या नारायणगावच्या. वडील तिथल्या शाळेत मास्तर. जत्रांचा हंगाम जवळ आला की गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडायच्या आणि ढोलकीचा सराव चालायचा. मास्तरांच्या मुलीने तिकडे फिरकायची सोय नव्हती, पण खिडकी किलकिली ठेवायला कोण अडवणार? ती ढोलकी त्यांच्या अंगात राहिली. लग्नानंतर स्वयंपाकघरात एक छोटा ट्रान्झिस्टर होता. अनंतराव ऑफिसला गेले की त्याच्यावर कधीमधी लावणी लागायची. एक दिवस रद्दीवाला आला आणि रद्दीबरोबर ट्रान्झिस्टरही गेला. चुकून गेला, असं अनंतराव म्हणाले. ते कधीच चुकत नाहीत हे पद्मजाबाईंना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी परत विचारलं नाही.

मुलगी स्पृहा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिकडेच राहते. स्वभाव तिला वडिलांकडूनच मिळालेला, त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहू शकणारी घरातली ती एकटीच. वडिलांच्या सत्तरीला ती म्हणाली, "बाबा, तुमचा तो जुना ॲम्प्लिफायर आता खरखरतो. मी तुम्हाला होम थिएटरचा चांगला रिसिव्हर घेऊन देते. पण एका अटीवर. मल्टी-रूमवाला घ्यायचा. एकाच मशीनवर हॉलमध्ये तुमचं लागेल, स्वयंपाकघरात आईचं लागेल. दोन खोल्या, दोन वेगळी गाणी. आईला तिचं तिचं काही ऐकता येणार असेल तरच घ्यायचं, नाहीतर राहू द्या ती खरखर."

"निवड मी करणार," अनंतराव म्हणाले.

"करा की. अट तेवढी लक्षात ठेवा."

पद्मजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी स्पृहाच्या ओठांकडे बघून हे सगळं वाचलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना काहीतरी हवंसं वाटलं. अगदी हट्टाने हवंसं.

ओठांकडे बघून वाचलं, असं मी म्हटलं, ते खरंच तसं होतं. पद्मजाबाईंचे कान जात चालले होते. आधी बारीक आवाज गेले: फोनची रिंग, चिमण्या, नातेवाईक बायकांच्या गप्पा. मग सगळंच पांघरुणाखालून आल्यासारखं झालं. भाजी आणायला जाते सांगून त्या एकट्याच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, मशीन लावा, लवकर लावा. पद्मजाबाई येताना मेथीची जुडी घेऊन आल्या आणि घरात कोणाला काही बोलल्या नाहीत. घरात कोणाला कळलंही नाही. कळणार कसं? कुकर त्या आधीपासून डोळ्यांनीच ऐकत होत्या. आणि अनंतराव जे बोलायचे त्याला एरवीही "हो" हेच उत्तर असायचं.

सांगितलं का नाही, तर अनंतराव काय म्हणतील ते त्यांना शब्दाशब्दाने ठाऊक होतं. 'मग दुसऱ्या खोलीचा खर्च कशाला?' स्वयंपाकघरातला स्पीकर त्याच क्षणी रद्द झाला असता. तेव्हा आधी स्पीकर लागू द्यायचा, मग बहिरेपण उघड करायचं, असं त्यांनी ठरवलं. तोवर कान टिकले तर टिकले.

आणि मग अनंतरावांनी निवड सुरू केली.

ती वर्ष उलटलं तरी संपेना. कर्वे रस्ता, टिळक रस्ता, कॅम्प, एक दुकान सोडलं नाही. एका रिसिव्हरमध्ये दोन्ही खोल्यांत एकच गाणं लागायचं. दुसऱ्यात वेगळं लागायचं, पण जुन्या पद्धतीच्या वायरने जोडलेल्या मशीनवरचंच, फोनवरचं नाही. तिसऱ्यात सगळं होतं, पण दुसऱ्या खोलीसाठी वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागत होता. चौथा बरा होता, तर त्याचं बटण फिरवताना म्हणे हाताला हलकं लागतं. स्पृहा फोनवर करवादायची. अनंतराव म्हणायचे, "तुझ्या आईसाठीच चाललंय. तिला उगाच काहीतरी गळ्यात बांधू का?" असा माणूस कोणाच्या भल्यासाठी काही करायला लागला की समोरच्याने देव पाण्यात घालावेत.

एकदा त्यांनी पद्मजाबाईंनाही दुकानात नेलं. विकणारा मुलगा चुणचुणीत होता. म्हणाला, "काकू, तुम्हाला काय लावू?"

हा प्रश्न पद्मजाबाईंना उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. त्या म्हणाल्या, "लावणी आहे?"

"हिला काहीही लावा," अनंतराव म्हणाले. "हिला कळतंय कुठे."

मुलाने लावणी लावली. गाणं पद्मजाबाईंना लांबून आल्यासारखं आलं, शब्द तर नाहीच. पण शेजारी जमिनीवर स्पीकरचा एक मोठा काळा खोका होता, त्याला सहज हात टेकला, तर ढोलकी हातातून कोपरापर्यंत चढली. त्यांनी हात काढला नाही. मुलगा त्यांच्याकडे बघून हसला, आणि अनंतरावांना ते आवडलं नाही.

"असं करू," ते मुलाला म्हणाले. "तुम्ही पाठ करून उभे राहा. मी आधी या वायरवर ऐकवतो, मग या महाग वायरवर. कुठला आवाज स्वच्छ, सांगा." मुलगा पाठ करून उभा राहिला. गाण्याचा तोच तुकडा दोनदा वाजला. "दुसरा, सर. एकदम क्लिअर," मुलगा म्हणाला. अनंतरावांनी थोडं थांबून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "मी वायर बदललीच नव्हती." मुलाचे कान लाल झाले. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. नवऱ्याचा चेहरा खुललेला बघून पद्मजाबाईही हसल्या. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. पण बाहेर पडताना त्यांना त्या मुलाच्या तोंडाकडे बघवलं नाही.

अखेर एक रिसिव्हर अनंतरावांच्या पसंतीस उतरला. सात स्पीकर चालवणारा. त्यातले पाच हॉलमध्ये आणि उरलेले दोन, ज्याला जसे हवे तसे, एक तर हॉलमध्येच खुर्चीच्या मागे लावायचे किंवा दुसऱ्या खोलीत. योगेश नावाचा जोडणारा आला. दोन छोटे पांढरे स्पीकर त्याने स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर बसवले. पद्मजाबाईंच्या फोनवर ॲप घालून दिलं. त्यात लिहिलं होतं, 'झोन टू : स्वयंपाकघर'. "आता इथून तुम्ही पाहिजे ते लावा, काकू. हॉलशी काही संबंध नाही," योगेश म्हणाला. पद्मजाबाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अनंतराव बँकेत गेले. पद्मजाबाईंनी दार लावलं, लावणी लावली, आणि आवाज शेवटपर्यंत नेला. मग स्टुलावर चढून त्यांनी एक स्पीकर फळीवरून उचलला आणि कानाशी धरला. आली. शब्द तुटक आले, सूर अर्धामुर्धा आला, पण ढोलकी आली. मास्तरांची मुलगी सत्तरीच्या घरात स्टुलावर उभी राहून, डोळे मिटून, ऐकत होती. अख्खी लावणी ऐकली. मग दुसरी ऐकली. सुखाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खालच्या मजल्यावरचे लोक जिना चढून येऊन बेल वाजवत होते ते त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या लोकांनी अनंतरावांना जिन्यातच गाठलं. दाबक्यांच्या घरातून आवाजाची तक्रार, तीही लावणीची. अनंतराव वर आले. आपल्या फोनवरून त्यांनी झोन टूच्या आवाजाला मर्यादा घालून टाकली. तशी सोय त्या रिसिव्हरमध्ये होती. निवडताना त्यांनी ती आवर्जून बघितली होती.

त्या मर्यादेत पद्मजाबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं. स्पीकर कानाशी धरूनही नाही. तरी रोज सकाळी त्या ॲप उघडून लावणी लावायच्या आणि पोळ्या लाटायच्या. आपलं गाणं या खोलीत चालू आहे, एवढ्यावर त्यांचं भागत होतं, आणि बहिरेपण उघड केलं तर स्पीकरच निघतील ही भीती होतीच. अनंतराव विचारायचे, "येतोय का नीट आवाज?" त्या म्हणायच्या, "छान येतोय आवाज."

एका रविवारी अनंतरावांनी मित्रांना रिसिव्हर दाखवायला बोलावलं. बाळ आपटे आणि आणखी दोघे, सगळे शास्त्रीय गाणं ऐकणारे. हॉलमधलं कौतुक झाल्यावर आपटे म्हणाले, "आणि वहिनींना आत वेगळं लागतं म्हणे?"

"लागतं. पण उपयोग काय, मी विचारलं की ही कशालाही छान म्हणते," अनंतराव म्हणाले. "थांबा, गंमत दाखवतो."

चौघं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पद्मजाबाई चहा करत होत्या. अनंतरावांनी त्यांच्या दंडाला हात लावून वळवलं. "पद्मा, दोन आवाज ऐकवतो. कुठला बरा ते सांग." फोनवर टिचकी मारून त्यांनी एक बोट वर केलं आणि थांबले. परत टिचकी मारली, दोन बोटं वर केली आणि थांबले. मित्र ओठ घट्ट मिटून बघत होते. पद्मजाबाईंनी मान जराशी तिरकी केली, ऐकणारी माणसं करतात तशी.

"दुसरा," त्या म्हणाल्या. "छान येतोय आवाज."

हसू फुटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, दिसलं. अनंतराव काय म्हणतायत तेही दिसलं: मी काही लावलंच नव्हतं. दुकानातला तो मुलगा त्यांना आठवला, आणि आपणही तेव्हा असंच तोंड उघडून हसलो होतो हेही. त्या हसल्या. वळून चहा गाळायला लागल्या.

गंमत तेवढ्यावर संपायची, पण अनंतरावांना ती पुरती वसूल करायची होती. मर्यादा काढून त्यांनी एक चढी तान घरभर सोडली. फळीवरचे डबे थरथरले. आपटे दचकून मागे सरकले. पद्मजाबाई चौथा कप भरत होत्या. त्यांनी तो काठापर्यंत भरला, गाळणं बाजूला ठेवलं, ओट्यावर सांडलेला थेंब पुसला.

हसणं थांबलं. आपटे हळूच म्हणाले, "अनंता, वहिनींना ऐकू येत नाहीये."

पद्मजाबाई ट्रे घेऊन वळल्या, आणि चार चेहरे बघून त्यांना सगळं कळलं. त्यांच्या हातातला ट्रे हलला नाही. कपांचा आवाज होऊ द्यायचा नाही हे हातांना आता सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्या कोणी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला असता. अनंतराव चहा प्यायले, मित्रांना पोचवून आले आणि पद्मजाबाईंच्या समोर उभे राहून, ओठ नीट हलवून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी भिंतीसाठी रिसिव्हर निवडत होतो." दुसऱ्या दिवशी योगेशला बोलावणं गेलं. दोन्ही पांढरे स्पीकर फळीवरून निघाले आणि हॉलमध्ये खुर्चीच्या मागे बसले. फळीवर दोन स्वच्छ चौकोन राहिले, बाकी सगळीकडे तेलाचा चिकटा. योगेश जाताना पद्मजाबाईंकडे न बघता गेला. ॲपमधून झोन टूही गेला.

स्पृहा आली, भांडली, रडली, आणि आईला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेली. चांगल्यातली मशीनं आणली. घरी सोफ्यावर बसवून तिने स्वतःच्या हाताने ती आईच्या कानात घातली आणि पाणी आणायला आत गेली. पद्मजाबाई कान देऊन बसल्या. आधी पंख्याचा आवाज आला. मग रस्त्यावरच्या रिक्षाचा. मग बाल्कनीतून अनंतरावांचा. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "अहो, मान तिरकी करून म्हणते, दुसरा छान येतोय. नाटकात घ्यायला हवी होती हिला." आणि ते हसले. घशातून, हुंकार दिल्यासारखं, चवीने. हे हसू पद्मजाबाई कितीतरी दिवसांनी ऐकत होत्या.

स्पृहा पाणी घेऊन आली. "काय ऐकू येतंय, आई?"

"सगळं," पद्मजाबाई म्हणाल्या.

स्पृहा गेल्यावर त्यांनी मशीनं काढून हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की तेवढी घालायची, असं ठरवलं.

आता रिसिव्हरचं एक असतं. स्पीकरची जागा बदलली की त्याला खोली परत समजावून द्यावी लागते. माणूस बसतो तिथे, कानाच्या उंचीवर एक छोटा माइक ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकर पाळीपाळीने शीळ घालतो आणि मशीन मोजमाप घेतं. तेवढा वेळ घरात अगदी चिडीचूप शांतता लागते. जरा खुट्ट झालं तर पडद्यावर येतं, खोलीत आवाज जास्त आहे, पुन्हा प्रयत्न करा.

अनंतरावांना याची काळजी नव्हती. शांतता हीच तर त्यांच्या घराची ख्याती. बैठकीच्या वेळी त्यांनी खुर्चीत माइक उभा केला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पहिली शीळ वाजली. आणि आत कुकरची शिट्टी झाली, या घरात कधी झाली नव्हती अशी, लांबलचक, पूर्ण.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मोहरी तडतडली. पुन्हा केला. सिंकमध्ये ताट पडलं, टॉवेल नसलेल्या सिंकमध्ये. अनंतरावांनी हॉलमधून हाक मारली, मग ओरडले. ओरडण्याचा काही उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. या बाईने इतकी वर्षं आवाज होऊ दिला नाही, तो कानाने मोजून आणि डोळ्याने राखून. कान गेले, आणि डोळा ठेवायचं तिने आता सोडून दिलं होतं. बहिऱ्या माणसाला आवाज करू नकोस म्हणून रागवायचं तरी कसं? चार लोकांत सांगितलं असतं, तर चार लोक आता त्यांनाच हसले असते. मला त्यांची दया यायला हवी, पण येत नाही.

आत पद्मजाबाईंनी ओट्यावर सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता घेतला होता. मिक्सर होता, पण त्यांना दाण्याचं कूट हाताने करायचं होतं. आधी नुसतं कुटलं. मग बत्ता आपोआप ठेक्यात पडायला लागला. दोन जड, एक हलका, मध्ये जरा उसंत, परत दोन जड. नारायणगावच्या खिडकीतून यायचा तो ठेका. ऐकू काहीच येत नव्हतं. पण ओटा हलत होता, बत्ता मनगटात बसत होता, आणि ढोलकी कोपरापर्यंत चढत होती, त्या दुकानातल्यासारखी. दाण्याचं केव्हाच पीठ झालं होतं.

अनंतराव दारात येऊन उभे राहिले. हातात तो छोटा माइक होता. चेहरा लाल, ओठ हलत होते. काय म्हणतायत त्यातला एकेक शब्द पद्मजाबाईंना कळत होता. त्यांनी मान जराशी तिरकी केली.

"छान येतोय आवाज," त्या म्हणाल्या, आणि खलात आणखी मूठभर दाणे घातले.